पाच घरची बाळी

आमच्या आईला कोनी देवभोळी म्हनलं की माझं डोकं फिरतं. भोळी बिळी कायबी न्हाई. ती हट्टी हाय. आन देवाला पुढं करून केलेला हट्ट घरात कोनाला मोडता येत न्हाई, हे तिला चांगलं म्हाईत हाय. आप्पांनी सारा जल्म टेम्पो चालवला, कांद्याच्या गोन्या नगरच्या मार्केटात नेल्या, रस्त्यावर कुनाच्या बापाला भ्याले न्हाईत, पन आमच्या आईपुढं, बनुबाईपुढं, त्यांनी कदी ब्र काढला न्हाई. राहिले मी. माझं लग्न जामखेडला झालतं, ते टिकलं न्हाई. का टिकलं न्हाई ती येगळी गोष्ट हाय, आज ती नको. मिरजगावात बाजारपेठेत बसून ब्लाऊज शिवते आन सांजच्याला वस्तीवर परत येते. घरात तोंड असलेली अशी मी एकटीच. त्या तोंडाचा काय उपेग झाला, तेच सांगते.

माझा भाऊ ओंकार माझ्यापेक्षा बराच लहान. आमच्या दोघांच्या मधी दोन झाले आन दोन्ही गेले. एक जल्मताच, दुसरा रांगायला लागल्यावर, तापानं. त्यो दुसरा मला आठवतो. आईनं त्याला कडेवर घेऊन मिरजगावपातूर पळवत नेला आन तसाच कडेवर परत आनला, तवा घरी येईपातूर ती त्याच्याशी बोलत हुती. त्याच्यामागं ओंकार. त्यो पोटात असतानाच आईनं माळावरच्या देवीला बोलून ठेवलं, ह्यो जगला तर पाच घरची भीक मागून त्याला बाळी करीन आन कानात घालीन. भिकेचं पोरगं देव नेत न्हाई असं आमच्याकडं जुनी मानसं धरत्यात. पोरगं आपलं नव्हंच, लोकांच्या भिकेवर जगतंय म्हनल्यावर त्याला कोन कशाला हात लावंल?

पोरगं जगलं. आन जगलेल्या पोरामागं कामं लई असत्यात. बाराव्या दिशी कानाची पाळी टोचली तेवढीच, भिकबाळी राहून गेली. ही बाळी पाळीत घालत न्हाईत. उजव्या कानाच्या वरच्या अंगाला, जिथं कान कडक असतो, तिथं घालायची. आता तिची फ्याशन झालीय, फेटा बांधून मिरवनुकीत नाचनारं दर दुसरं पोरगं ती घालून हिंडतंय. आईला फ्याशनीचं काय. तिनं देवीला शबूद दिलता, तेवढंच तिला ठावं.

ओंकारला नादच मिल्ट्रीचा. आमच्या वस्तीवरचा अंगद आन ह्यो, दोघं उजाडायच्या आत हायवेच्या कडंनं पळायला जायचे. एकदा भरतीला उतरला तवा पळन्यात थोडक्यात मागं राहिला आन दुसऱ्याच दिशी उजाडायच्या आत परत पळायला गेला. औंदा त्याच्या वयाचं शेवटचं वर्ष. ह्या भरतीत झालं तर झालं, पुढच्याला फॉर्मच भरता येनार नव्हता. हे घरात सगळ्यांना म्हाईत हुतं, आईलाबी. मंग त्याचा भरतीचा लेखी पेपर निघाला. नाव यादीत आलं. आप्पांनी टेम्पो स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला. आता फकस्त ग्राऊंड आन मेडिकल राहिलं. पोरगं पळायला वाऱ्यासारखं झालतं, ग्राऊंडची काळजीच नव्हती.

आन त्याच आठवड्यात आईनं पदर पसरला.

तिला पेपरातलं काय कळलं नव्हतं, येवढंच कळलं की पोरगं आता बंदुकीम्होरं जानार. जायच्या आत बाळी कानात पडली पायजे. पाच घरं हिंडली. शेजारच्या लंकाबाईच्या दारात गेली तवा लंकाबाई म्हनली, बनुबाई, तुझं पोरगं आता सरकारचा जावई व्हनार आन तू भीक मागत हिंडतीस व्हय गं? सगळ्या बाया हसल्या, आईबी हसली, आन पदर तसाच धरून उभी राहिली. पाच घरच्या भिकेत हल्ली सोन्याचा वासबी येत न्हाई. आईनं आपल्या डोरल्यातले दोन मनी काढून त्यात घातले.

मी म्हनलं, येवढं मेडिकल होऊ दे, मंग घाल. वीस वर्सं थांबली देवी, आजून म्हैनाभर थांबंल. त्यावर ती म्हनली, मेडिकल झालं की ते त्याला न्हेतील, मंग मी त्याला कुठं गाठू? मी ओंकारला बाजूला घेऊन सांगितलं, तू तरी न्हाई म्हन. तर त्यो दीडशहाना मलाच समजावतोय, ताई, येवढीशी बाळी हाय, तिच्या मनाला बरं वाटू दे, मी गेल्यावर ती रडत बसंल त्यापरीस हे बरं. आंधळं दळतंय आन कुत्रं पीठ खातंय अशी आमच्या घराची तऱ्हा.

मिरजगावातल्या गोरक्षनाथ सोनारानं टोचलं. बाळीच्याच तारंचं टोक घासून त्याची सुई केली आन कानात घातली. पाळी टोचताना कायबी ऐकू येत न्हाई. हितं कडक भागातनं तार गेली तवा कट्ट असा आवाज आला, शेजारी उभी हुते, मला सोताला ऐकू आला. ओंकारनं डोळे मिटून घेतले. आईनं तिथंच दुकानात जमिनीला डोकं टेकवलं.

त्यानंतर त्या कानावर साऱ्या वस्तीचा हक्क झाला. लंकाबाई म्हनली, खोबरेल तेलात हळद कालवून लावा. दुसरी म्हनली, तुरटी फिरवा. तिसरी म्हनली, बाळी रोज फिरवत राहा, न्हाईतर मास तारंला धरतं. मी दुकानात बसल्या बसल्या मोबाईलवर बघितलं, तर त्यात सांगत हुते, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पान्यानं धुवा, कोरडं करा, बाकी हात लावू नका आन फिरवू तर अजाबात नका. मंग मी सांजच्याला आले की वाटीत मिठाचं पानी करायची, स्वच्छ कापूस बुडवून खपली भिजवायची, हळूच पुसायची. ओंकार मुकाट मान वाकडी करून बसायचा. त्याला मी बजावलं, उजव्या कुशीवर झोपू नको, पळून आल्यावर घामाच्या हातानं कान चोळू नको, आप्पांच्या गोन्यांत शिरू नको. त्यो सगळं ऐकायचा. खरंच सांगते, पोरानं त्या कानाची जेवढी निगा राखली तेवढी कोनी तान्ह्या लेकराची राखत न्हाई.

पन मी सांजची धुवायची आन आई सकाळची फिरवायची. त्यो पळून येऊन अंघोळीला बसला की ती पाठ चोळायच्या निमतानं मागं बसायची, बोटाला हळदीचं तेल लावून बाळी एक येढा फिरवायची. मला हे ठावंच नव्हतं. कान लाल दिसायला लागला, मी म्हनले उन्हानं असंल. मंग एका सांजंला खपलीखाली पिवळं तेल दिसलं, तवा कळलं. मी लई बोलले. नको ते बोलले. ती खाली बघून भाकरीचं पीठ मळत हुती, म्हनली, न्हाई फिरवली तर ती आत मुरंल, मंग लग्नात सासुरवाडीनं दिलेली बाळी घालायला ती बदलता न्हाई यायची. पोरगं मिल्ट्रीत चाललंय, कान सुजलाय, आन हिला त्याची सासुरवाडी दिसतीय. मी हातातली वाटी आपटली आन भाईर जाऊन बसले.

भरतीच्या दिशी आप्पांनी टेम्पोतच दोघांना नगरला नेलं, ओंकारला आन अंगदला. ओंकार पहिल्या रांगंत पळाला. अंगदनं नंतर मला सांगितलं, ताई, तुमचा भाऊ असा पळाला की आमी त्याची पाठच बघत राहिलो. ग्राऊंड निघालं. दुसऱ्या दिशी मेडिकल. छाती, डोळे, पाय, दात, सगळं बरूबर. मंग मिल्ट्रीच्या डाक्टरनं कान बघितला. कानाचं वरचं अंग टम्म फुगून पुरीसारखं झालतं, दाबलं की तारंच्या बाजूनं पू यायचा. त्यानं हिंदीत इचारलं, हे कशाला घातलंय? ओंकारनं सांगितलं, आईनं. त्यो डाक्टर हसला म्हनं. बिचाऱ्यानं लगीच काढून न्हाई टाकलं, कागदावर तात्पुरता नापास लिहिलं, पंधरा दिसांनंतरची फेरतपासनीची तारीख दिली, आन सांगितलं की तवर कान बरा करून ये, बाकी तुझ्यात काय खोट न्हाई.

म्हंजी अजून दार बंद झालं नव्हतं. हे मी नीट सांगते, कारन नंतर लोक म्हनायला लागले की नशिबात नव्हतं. नशिबात हुतं. पंधरवड्याचं हुतं, पन हुतं.

दुसऱ्या दिशी मी दुकान बंद ठेवून त्याला मिरजगावच्या डाक्टरीनबाईंकडं नेलं. संगट आई आलीच. बाईंनी बघितलं आन सरळ सांगितलं, ही बाळी आत्ता काढायची, चीर देऊन पू काढायचा, आन इंजेक्शनं घ्यायची. पाळी पिकली तर बरी व्हती, पन हा वरचा भाग कुर्चेचा, म्हंजी मऊ हाडाचा हाय, त्यात पू साठला की आतली कुर्चा कुजती आन कान कायमचा आकसतो. मंग कुनाच्या हातात काय राहत न्हाई. त्या पक्कड घ्यायला वळल्या, तर आई मधी येऊन उभी राहिली. ओंकारच्या कानावर तिनं तळवा धरला. डाक्टरीनबाई म्हनल्या, मावशी, बाजूला व्हा. ती हलली न्हाई. मी दंडाला धरून वढली तरी हलली न्हाई. मंग ती माझ्याकडं बघून बोलली, आवाज न चढवता.

"आशे, ते दोघं गेले तवा माझ्या हातात धरायला कायबी नव्हतं. ह्याला धरायला येवढीच हाय. ही काढायला लावू नको."

मी ओंकारकडं बघितलं. त्यानं म्हनायला पायजे हुतं, काढा. एक शबूद. त्यो बाईंना म्हनला, बाळी राहू दे, तशीच इंजेक्शनं द्या. बाईंनी कपाळाला हात लावला, इंजेक्शन दिलं, आन सांगितलं की तार आत असताना ह्याचा उपेग न्हाई. घरी येताना त्योच म्हनला, ताई, तिला कौल तरी घेऊ दे.

आता हा कौल. माळावरच्या देवीच्या दोन्ही खांद्यांना फूल लावत्यात, उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. पन ते मंगळवारीच. आन तवा नुकताच मंगळवार झालता. म्हंजी येनारा सगळा आठवडा आमी फूल पडायची वाट बघत बसलो, हिकडं कान तापत हुता. मी रोज मिठाच्या पान्यानं धुवायची, दर बारीला कापूस पिवळा व्हायचा, वास यायला लागलता. ओंकारला ताप भरला. त्यो पळायचा बंद झाला. तरी फेरतपासनीच्या तारखंभवती गोल काढून क्यालेंडर उशाला घेऊन झोपायचा, डाव्या कुशीवर. मी आप्पांना म्हनले, तुमी बाप हायेत, तुमी तरी बोला. त्यांनी टेम्पोच्या टायरीला लाथ मारली आन निघून गेले.

मंगळवारी आई पहाटंच माळावर गेली. दुपार झाली तरी परत आली न्हाई. मी जाऊन बघितलं तर ती देवीम्होरं हात जोडून बसलेली, दोन्ही फुलं जागच्या जागी. देवी व्हयबी म्हनत नव्हती आन न्हाईबी म्हनत नव्हती. मी तिथनं तशीच मागं फिरले. घरी आले, आप्पांच्या पेटीतली तार कापायची पक्कड घेतली, उकळत्या पान्यात टाकली आन ओंकारला म्हनले, बस. त्यो बसला. बाळी कापली आन वढून काढली, तिच्यासंगट पू आन काळं मास भाईर आलं, ते मी कापसानं पुसून घेतलं. आप्पा दारात उभे हुते. त्यांनी टेम्पो चालू केला.

डाक्टरीनबाईंनी तिथनंच नगरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं दोन बारीला कान फाडला. काळी पडलेली कुर्चा काढून टाकली. तिथला डाक्टर मला म्हनला, चार दिस आधी आनला असता तर. मी म्हनले, डाक्टर, ते मला सांगू नका.

फेरतपासनीला त्यो गेला. मी संगट गेलते, पन मला फाटकाच्या भाईर थांबवलं. त्यानं चांगला शर्ट घातलता, डोक्याची पट्टी सोडून आलता. पट्टी सोडल्यावर दिसायचं ते असं, कानाचं वरचं अंग खाली मुडपून आत गेलेलं. आत त्याला येळ लागला न्हाई. भाईर आला, म्हनला, कायमचं नापास. जखम ओली हाय हे तर हायेच, शिवाय ह्या कानावर हेल्मेट बसत न्हाई, लागतं. बसवून बघितलं म्हनं त्यांनी. मी इचारलं, पुढं अर्ज बिर्ज? त्यो म्हनला, वय. तेवढाच शबूद. मंग आमी स्टँडवर जाऊन यस्टीत बसलो. त्यो खिडकीकडंला बसला न्हाई, मला बसवलं, कारन खिडकीकडंला बसला असता तर उजवा कान माझ्या बाजूला आला असता.

तिथनं पुढं सांगायसारखं काय घडलं न्हाई. कान हळूहळू वाळला. मी धुतच राहिले, सवय लागलती. डाक्टरनं सांगितलं तसंच सगळं केलं, कुठं कसूर ठेवली न्हाई, आन जखम अशी साफ भरून आली की डाक्टरीनबाईंनी मला शाबासकी दिली. बरं झालेलं ते काय कामाचं, हे त्यांनाबी कळत हुतं, मलाबी. त्यानं केस वाढवून कानावर घेतले. अंगदची निवड झाली, त्यो पेढे घेऊन आला, लाजत आला बिचारा. ओंकारनं त्याला आपले पळायचे बूट देऊन टाकले. पाय येकाच मापाचे हुते दोघांचे. आईनं ती तुटकी बाळी काळ्या दोऱ्यात ववून ओंकारच्या गळ्यात बांधली, आन त्यानं बांधून घेतली. मी तवाबी त्याच्याकडं बघितलं. काय म्हनंल तर शप्पथ.

अंगद ट्रेनिंगला निघाला त्या दिशी सांजच्याला मी घरी आले तर ओंकार भाईर बाजंवर पडून मोबाईल बघत हुता. दिसभर तिथंच हुता. चुलीम्होरं आई भाकऱ्या थापत हुती आन तोंडातल्या तोंडात कसलं तरी गानं म्हनत हुती. गानं! लग्नातलं. कितीक वर्सांत मी तिला गुनगुनताना ऐकलं नव्हतं. माझ्या डोक्यात सनक गेली. मी पिशवी टाकली आन तोंडाला येईल ते बोलले. म्हनले, त्या पोराचं वाटुळं केलंस तू. देवीचं नाव नको सांगू, देवीनं कायबी केलं न्हाई, तू केलंस. त्याला पळता येत हुतं, त्याला दुसरं कायबी येत न्हाई आन नको हुतं. त्यो आता जल्मभर आप्पांच्या गोन्या उचलनार आन केसाखाली कान लपवनार. झालं का तुझ्या मनासारखं? झालं का समाधान?

मला वाटलं ती रडंल. न्हाईतर बोलंल, भांडंल, देवीची आन घालंल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं वळली तर तिचं त्वांड शांत हुतं, आजारातनं उठलेल्या मानसासारखं.

"व्हय," ती म्हनली. "बाळीनं काम केलं. आता त्यो कुठं जात न्हाई."

मी वळून बघितलं. ओंकार दारात उभा हुता. त्यानं सगळं ऐकलतं. मी मनात म्हनले, आता बोल. ताट फेक, आरडाओरडा कर, घर सोडून जा, पन आता तरी कायतरी कर. मी वाट बघत राहिले.

त्यो आत आला, हात धुतले, पाट घेऊन चुलीजवळ बसला. आईनं ताट पुढं केलं. त्यो जेवायला लागला. ती त्याच्याकडं बघत बसली, नजर हटंना तिची. एक भाकरी संपली तशी तिनं इचारलं, "आजून घालू का?"

"घाल," त्यो म्हनला.